उत्सर्ग आणि अपवाद

संस्कृत व्याकरणाशीं ज्यांचा शाळेपुरता तरी परिचय झाला आहे, त्यांस उत्सर्ग आणि अपवाद हे दोन शब्द नवे नाहींत. पुष्कळ ठिकाणीं लागू पडणारा जो सामान्य नियम तो उत्सर्ग. आणि विशिष्ट ठिकाणीं त्याला बाजूस सारून आपलें काम करून घेणारा जो विशेष नियम तो अपवाद. कुंभ करणारा तो कुंभकार, हें उत्सर्गाचें उदाहरण. त्याच मापानें गाय देणारा तो 'गोदाय' व्हावयास पाहिजे होता. पण पाणिनीनें आकारान्त धातूंकरितां निराळा प्रत्यय सांगितला, म्हणून तो 'गोद' झाला. पाणिनि तेथेंहि थांबला नाहीं. धातूला उपसर्ग जोडलेला असेल तर हा अपवाद लागू नाहीं, अशी अट त्यानें त्याच सूत्रांत घालून ठेविली. अर्थात् जो अपवाद सांगतो त्यानेंच त्या अपवादाची मर्यादाहि सांगितली पाहिजे, हा त्यांतील धडा.

हा खटाटोप कशासाठीं, याचें उत्तर पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभीं एका कथेच्या द्वारें दिलें आहे. बृहस्पतीसारखा गुरु, इंद्रासारखा शिष्य, आणि एक हजार दिव्य वर्षांचा अवधि. गुरूनें एकेक शब्द सुटा सुटा सांगावयास आरंभ केला, तरी शब्दांचा शेवट लागला नाहीं. मग ज्याचें आयुष्य फार झालें तर शंभर वर्षांचें, त्या मनुष्यानें काय करावें? त्यानें उत्सर्ग बांधावा, आणि जेथें अडेल तेथें अपवाद सांगावा. दुसरा मार्ग नाहीं.

व्याकरणाची ही चर्चा आज या पानावर कशाला, असें वाचक विचारतील. कारण असें कीं, कृत्रिम बुद्धिमत्तेचीं जीं मोठीं मॉडेलें आज घरोघर मोबाईलमधून बोलूं लागलीं आहेत, त्यांच्या पुरस्कर्त्यांचा दावा नेमका या कथेच्या उलट आहे. प्रत्येक माणसाला त्याची स्वतःची संगणकीय आज्ञावली, आणि प्रत्येक रोग्याला त्याचें स्वतःचें औषध, असें ते म्हणतात. बृहस्पतीला हजार वर्षांत जें साधलें नाहीं तें यंत्र आतां करून दाखविणार! हा दावा कितपत खरा आहे, आणि जेवढा खरा असेल तेवढ्यापुरतें गृहस्थानें कसें वागावें, याचा थोडा विचार करण्याचें मीं योजिलें आहे. मी वैद्य नव्हें आणि यंत्रज्ञहि नव्हें; मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर मुलांकडून रूपें व संधि घोकून घेणारा शिक्षक. परंतु नियम कोठें लागतो व कोठें लागत नाहीं, हें पाहण्याची संवय त्या धंद्यानें अंगीं जडते.

आधीं औषधाकडे पाहूं. आजचें वैद्यक हें मोठ्या अंशानें उत्सर्गाचें शास्त्र आहे. शेंकडों रोग्यांपैकीं निम्म्यांना एक औषध व निम्म्यांना दुसरें देतात, दोहोंची तुलना करितात, आणि सरासरीनें ज्याचा गुण अधिक दिसला तें सर्वांकरितां योग्य असें ठरवितात. या रीतीनें मनुष्यजातीचें अपार कल्याण झालेलें आहे. तिला नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु सरासरींत जे बसत नाहींत त्यांचें काय, हा प्रश्न उरतोच. आणि ज्या लोकांवरून नियम बांधला ते मुळांत आपल्यासारखे नसले, तर तो अधिकच बोचतो.

याचें एक सुरेख उदाहरण पुण्याचें आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत आपलें दोघांचें छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें वजन किती, याचा जो निर्देशांक डॉक्टर काढतात, तो दोघांचा अगदीं एकच होता, २२.३. पुस्तकी नियमाप्रमाणें दोघेहि सारखेच सडपातळ. पण अंगांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन यांच्या देहांत ती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहांत २१.२ टक्के निघाली! युरोपीय लोकांवरून बांधलेला नियम आपल्या माणसाच्या कातडीखालीं काय दडलें आहे तें सांगूं शकत नव्हता. पुढें २००९ सालीं भारतांतील तज्ज्ञांनीं एकत्र बसून, आपल्या लोकांकरितां जादा वजनाची रेषा २५ ऐवजीं २३ वर धरावी असें ठरविलें, तें अशाच पुराव्यांवरून. आणि हा प्रश्न लहानसा नव्हे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजाप्रमाणें या देशांत १० कोटींहून अधिक माणसें मधुमेही आहेत.

तथापि २३ ही देखील एका समाजाची रेषा झाली. एका माणसाची नव्हे. त्या माणसापुरता अपवाद पूर्वीं घरचा डॉक्टर मनांतल्या मनांत करीत असे. यांना अमुक गोळी सोसत नाहीं, यांच्या मातोश्री हृदयविकारानें गेल्या, हे दुखणें अंगावर काढतात आणि त्या उगाच घाबरतात, एवढें सगळें त्याच्या डोक्यांत असे. तज्ज्ञ वाढले, तपासण्या वाढल्या, पण असा रोग्याला ओळखणारा डॉक्टर दुर्मिळ झाला. यंत्राच्या नव्या दाव्याकडे शहाणींसुरतीं माणसें चटकन् ओढलीं जातात, त्याचें एक कारण या उणीवेंत आहे असें मला वाटतें.

आतां आज्ञावलीकडे वळूं. संगणकाला काय करावयाचें तें सांगणारा जो आज्ञांचा समूह, तो लिहिण्यास शिक्षित माणूस लागे, वेळ लागे आणि पैसा लागे. म्हणून एकाच घरासाठीं आज्ञावली लिहिणें कोणालाहि परवडत नसे. लाखों लोकांकरितां एकच बनवावयाची, आणि प्रत्येकानें आपली संवय तिच्या मापास आणून बसवावयाची, असा रिवाज होता. तयार कपड्यांच्या दुकानांत बाही लांब झाली तर हात लांब करावा, तशांतलीच गोष्ट.

मोठीं भाषा-मॉडेलें आलीं आणि हें बदललें. मनुष्यांनीं लिहिलेल्या अफाट मजकुरावरून, एका शब्दामागून पुढें कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज बांधण्याचा अभ्यास या मॉडेलांना करविलेला असतो. संगणकाच्या आज्ञा हाहि लिहिलेलाच मजकूर. किंबहुना मनुष्याच्या भाषेपेक्षां अधिक नियमबद्ध. म्हणून ते अंदाज तेथें फार चांगले जमतात. २०२१ सालीं 'गिटहब कोपायलट' हें आज्ञावली लिहिणाऱ्यांचें मदतनीस साधन निघालें. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं 'चॅटजीपीटी' सर्वांस खुलें झालें. आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें आंद्रेय कार्पाथी या नामांकित संगणकशास्त्रज्ञानें, साध्या बोलीनें यंत्राला सांगत जावें व त्यानें लिहिलेली आज्ञावली न वाचतांच चालवावी, या प्रकाराला 'व्हाइब कोडिंग' असें नांवहि देऊन टाकलें. नांवांत विनोद आहे, पण प्रकार खरा आहे.

आमच्याच घरांत तो पाहावयास मिळाला. माझा धाकटा पुतण्या बँकेंत नोकरीस आहे. आज्ञावली लिहिण्याचें शिक्षण त्याला नाहीं. आमच्या घरांतील मंडळीस मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असल्यामुळें दिवसांतून चार वेळां औषधें असतात. पुतण्यानें एका संध्याकाळीं यंत्राला मराठींत सांगून आपल्या काकूसाठीं एक छोटी आज्ञावली करविली. मोठीं अक्षरें, वेळेला घंटा, 'घेतली' म्हणून दाबावयाची एक कळ, आणि साखरेचा आंकडा लिहावयास एक चौकट. चष्म्याशिवाय वाचतां येई. बाजारांतील कोणत्याहि तयार ॲपमध्यें इतकी सोय आम्हांस दिसली नव्हती.

तिनें तें कौतुकानें पाहिलें आणि विचारलें, "अरे, एकादशीला हें काय करील?"

"एकादशी त्याला कुठली ठाऊक, काकू?"

"म्हणजे उपासाच्या दिवशीं सकाळीं आठ वाजतां ही घंटा वाजणार, आणि पोटांत कांहीं नसतांना मीं ती साखरेची गोळी घ्यावयाची. आणि संकष्टीला? त्या दिवशीं तर जेवण चंद्रोदयानंतर."

साखर उतरविणाऱ्या कित्येक गोळ्या घेऊन वर जेवण झालें नाहीं, तर साखर एकदम खालीं जाऊन घाम फुटतो, भोंवळ येते, प्रसंगीं माणूस बेशुद्धहि होतो, हें मधुमेह्यांच्या घरांत सर्वांना ठाऊक असतें. पण तें यंत्राला कोणी सांगितलें नव्हतें. पुतण्यानें पंचांगांतील तिथि आणि चंद्रोदयाच्या वेळा अर्ध्या तासांत त्यांत घालविल्या. तेवढें यंत्राला सोपें होतें. मात्र त्या दिवशीं गोळी किती व केव्हां, हा प्रश्न यंत्राला विचारावयाचा नाहीं असें आम्हीं ठरविलें. तो डॉक्टरांना विचारला. त्यांनीं उपासाच्या दिवसांची वेगळी चिठ्ठी लिहून दिली, आणि महिन्याचा एक उपास कमी करावयास सांगितलें. ती चिठ्ठी मग आज्ञावलींत गेली. एका माणसापुरती आज्ञावली आणि एका माणसापुरतें औषध या दोन गोष्टी किती जवळच्या आहेत, हें मला त्या दिवशीं नीट उमगलें. आज्ञावली यंत्रानें लिहिली. तींत काय उणें आहे तें जिच्या देहाचा प्रश्न तिलाच दिसलें. आणि अपवादाला अधिकार आला तो डॉक्टरांच्या सहीनें.

हेंच मोठ्या प्रमाणावर कसें घडतें, याचें एक उदाहरण अमेरिकेंतील आहे, आणि तें या मॉडेलांच्या आधींचें आहे म्हणून अधिक बोधप्रद. डेना लुईस या सिॲटलच्या तरुण बाईस लहानपणापासून इन्शुलिनवर जगावें लागणारा मधुमेह. रक्तांतील साखर सतत मोजणारें उपकरण तिच्याजवळ होतें. रात्रीं साखर उतरली तर तें सूचना देई. पण तिची झोंप गाढ, आणि सूचनेचा आवाज बारीक. उपकरण बनविणाऱ्यांनीं सर्वसाधारण माणसाची झोंप गृहीत धरली होती! २०१३ सालीं, आपल्या मुलाच्या साखरेचे आंकडे दुरून पाहतां यावेत म्हणून खटपट केलेल्या जॉन कॉस्टिक या गृहस्थाकडून आंकडे बाहेर काढण्याची युक्ति तिला मिळाली. तिनें आणि स्कॉट लीब्रँड यांनीं मिळून प्रथम मोठ्या आवाजाची घंटा केली, मग पुढें साखर किती होईल याचा अंदाज सांगणारी आज्ञावली केली, आणि शेवटीं त्या अंदाजावरून इन्शुलिनचा पंप आपोआप कमीजास्त करणारी योजना उभी केली. २०१५ सालीं ती सर्वांकरितां मोफत प्रसिद्ध केली.

येथें दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, ती योजना प्रथम तिनें आपल्याच देहावर चालविली. चूक झाली तर भोगावयाची तिलाच होती. त्यामुळें शंका आली कीं यंत्रानें हात आंखडता घ्यावा, अशा मर्यादा तिनें तींत घातल्या. दुसरी ही कीं, एकीला गुण आला एवढ्यावर जगानें विश्वास ठेविला नाहीं. न्यूझीलंडमध्यें याच कुळांतील मोफत आज्ञावली ९७ मधुमेह्यांवर २४ आठवडे रीतसर तपासली गेली आणि २०२२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साखर योग्य पातळींत राहण्याचा काळ या आज्ञावलीनें दिवसाच्या सुमारें ६१ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेला. ज्यांना ती दिली नव्हती त्यांचा ५८ वरून ५५ वर आला. अपवाद म्हणून जन्मलेली गोष्ट परीक्षेंतून उतरली, तेव्हां तिला उत्सर्गाची प्रतिष्ठा मिळाली.

औषधांच्या शोधांतहि असेंच कांहीं चाललें आहे. डेव्हिड फायगेनबॉम हे २०१० सालीं फिलाडेल्फिया येथें वैद्यकाचे विद्यार्थी असतांना कॅसलमन नांवाच्या दुर्मिळ रोगानें मरणाच्या दारापर्यंत जाऊन आले. आणि पुढें तसेंच पुन्हां पुन्हां झालें. त्यांच्या रोगाला ठरलेलें औषध पुरें पडेना. तेव्हां त्यांनीं स्वतःच्याच रक्ताचे साठविलेले नमुने तपासून, शरीरांतील कोणती यंत्रणा बिघडते याचा अंदाज बांधला, आणि सिरोलिमस हें औषध २०१४ सालीं घेण्यास आरंभ केला. हें औषध नवें नव्हे; मूत्रपिंड-रोपण झालेल्या रोग्यांना तें वर्षानुवर्षें देत असत. दूरच्या ईस्टर बेटावरील मातींतून तें निघालें, आणि पंजाबांत जन्मलेले शास्त्रज्ञ सुरेन सहगल यांनीं कॅनडांतील प्रयोगशाळा बंद झाल्यावर त्याचें बीज घरच्या शीतपेटींत जपून ठेविलें, अशी त्याची हकीकत आहे. तें औषध फायगेनबॉम यांना लागू पडलें. तो रोग तेव्हांपासून परतला नाहीं, आणि ते आज स्वतः डॉक्टर आहेत.

एका बुद्धिमान रोग्याला एका रोगाकरितां जें जमलें, तें सर्व रोगांकरितां कोण करणार? कांहीं हजार औषधें, अठरा हजारांच्या आसपास रोग, आणि त्यांच्या कोट्यवधि जोड्या. येथें बृहस्पतीहि थकेल. म्हणून फायगेनबॉम यांनीं २०२२ सालीं 'एव्हरी क्युअर' ही संस्था काढली, आणि उपलब्ध वैद्यकीय ज्ञान यंत्रबुद्धीकडून चाळवून, कोणत्या जोडीकडे आधीं पाहावें याचा क्रम ती लावते. क्रम यंत्र लावतें. निवडलेल्या जोड्या पुढें माणसें तपासतात. प्रथिनांच्या घड्या कशा पडतात याचा अंदाज करणाऱ्या 'आल्फाफोल्ड' या मॉडेलासाठीं डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांना डेव्हिड बेकर यांच्यासह २०२४ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, तें मॉडेलहि याच जातीच्या कामीं येतें. आणि यंत्रबुद्धीचा आधार नसतांनाहि एका रोग्यापुरतें औषध म्हणजे काय, तें २०२५ सालीं फिलाडेल्फिया येथेंच दिसलें. रक्तांत अमोनिया सांचणाऱ्या जन्मजात दोषाच्या एका अर्भकाकरितां, त्याच्याच जनुकांतील एक अक्षर दुरुस्त करणारें औषध सुमारें सहा महिन्यांत बनवून देण्यांत आलें. तें औषध जगांत दुसऱ्या कोणाच्याहि उपयोगाचें म्हणून बनविलें नव्हतें. अपवादाचें याहून निखळ उदाहरण मला ठाऊक नाहीं. परंतु त्या एका सूत्रामागें डॉक्टर, शास्त्रज्ञ, कारखानदार आणि सरकारी परीक्षक यांची केवढी तरी मालिका उभी होती, हेंहि विसरतां कामा नये.

आतां दुसरी बाजू. २०२५ सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांनीं एका ६० वर्षांच्या गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. मीठ वाईट असें वाचून त्यानें आहारांतून क्लोराइड काढून टाकण्याचें मनावर घेतलें, आणि त्याच्या जागीं काय घ्यावें हें यंत्राला विचारलें. मग त्यानें मिठाऐवजीं सोडियम ब्रोमाइड मागवून तीन महिने खाल्लें. परिणाम असा कीं, शेजारी आपल्याला विष घालतो असा भ्रम त्याला झाला आणि तीन आठवडे रुग्णालयांत काढावे लागले. क्लोराइडच्या जागीं ब्रोमाइड हें उत्तर धुण्यापुसण्याच्या कामीं कदाचित् चालेल. जेवणाच्या ताटांत तें चालत नाहीं. घरचा डॉक्टर असता तर त्यानें पहिला प्रश्न केला असता, "तुम्हांला हें कशासाठीं पाहिजे?"

याहून विचार करावयास लावणारा प्रयोग ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं केला. तोहि २०२५ सालीं पुढें आला. ब्रिटनमधील १,२९८ सामान्य माणसांना दुखण्यांचीं वर्णनें देऊन, हा रोग काय असावा आणि आतां काय करावें हें ठरविण्यास सांगितलें. कांहींना मदतीस मोठें मॉडेल दिलें, कांहींना नेहमींच्या साधनांवर सोडलें. वर्णन जसेंच्या तसें मॉडेलापुढें ठेवलें, तर तें ९५ टक्क्यांच्या आसपास वेळां योग्य रोगाचें नांव घेई. पण तेंच मॉडेल हाताशीं असलेल्या माणसांना जमलें ३५ टक्क्यांहूनहि कमी. मॉडेलाशिवाय काम करणाऱ्यांहून त्यांची स्थिति बरी नव्हती! ज्ञान यंत्रांत होतें. मग तें वाटेंत कोठें सांडलें? माणसांनीं अर्धवट माहिती दिली, यंत्रानें उरलेली मागून घेतली नाहीं, आणि मिळालेल्या उत्तरांतील बरें कोणतें व वाईट कोणतें हें माणसांना निवडतां आलें नाहीं. शिक्षकाला यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नाहीं. प्रश्न नीट विचारतां येणें ही अर्ध्याहून अधिक विद्या आहे, आणि जो आजारी आहे त्याला त्या वेळीं ती सर्वांत कमी साधते.

आणि आज्ञावलीच चुकली तर? १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिका व कॅनडा येथें थेरॅक-२५ नांवाच्या किरणोपचार-यंत्रानें निदान सहा रोग्यांना प्रमाणाबाहेर मारा केला. त्यांपैकीं कांहीं दगावले. आधींच्या यंत्रांत धोका अडविणारे लोखंडी अडसर असत. या यंत्रांत तें काम आज्ञावलीवर सोंपविलें होतें. यंत्र चालविणाराचीं बोटें सरावानें फार झरझर चाललीं म्हणजेच प्रगट होणारी चूक तींत लपलेली होती. असें होणें शक्यच नाहीं, असें बनविणारे सांगत राहिले. टेक्ससमधील टायलर येथील रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञानें यंत्र चालविणाऱ्या बाईस बरोबर घेऊन ती चूक पुन्हां घडवून दाखविली, तेव्हां डोळे उघडले. ती आज्ञावली माणसानें लिहिली होती. आज यंत्रानें लिहिलेली आणि कोणीच न वाचलेली आज्ञावली औषधाच्या मात्रेला हात घालणार असेल, तर तेथें टायलरचा तो चिकट माणूस कोण होणार, हें आधीं ठरलें पाहिजे.

आपल्या वैद्यकांत रोग्याच्या परीक्षेचे तीन प्रकार वाग्भटानें सांगितले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. चरकानें रोग्याची परीक्षा दहा अंगांनीं करावयास सांगितली. तींत प्रकृति आणि विकृति यांच्या जोडीला त्याला काय सोसतें, त्याचें मन किती खंबीर आहे, तो किती जेवतो आणि किती श्रम करूं शकतो, हेंहि आहे. आजच्या यंत्राला यांपैकीं प्रश्न साधतो, आणि तोहि आपण उत्तर देऊं तेवढाच. छायाचित्रापुरतें दर्शन थोडें थोडें साधूं लागलें आहे. डोळ्याच्या पडद्यावरील मधुमेहाच्या खुणा ओळखण्याचें मॉडेल मदुराईच्या अरविंद रुग्णालयासारख्या संस्थांतील छायाचित्रांच्या साह्यानें सिद्ध होऊन २०१६ सालीं नांवाजलेंहि गेलें. पण पुढें थायलंडमधील दवाखान्यांत त्याच जातीचें साधन नेलें, तेव्हां अपुऱ्या उजेडांत काढलेलीं पांचांतील सुमारें एक छायाचित्र त्यानें नाकारलें. स्पर्शन तर त्याच्याजवळ नाहींच. पोटावर हात ठेवतांच रोगी कोठें दचकतो, हें त्याला कोण सांगणार?

तेव्हां गृहस्थानें काय करावें? यंत्राला विचारूंच नये असें मी म्हणत नाहीं. डॉक्टरांनीं सांगितलेला शब्द समजून घेण्यास, दोन औषधांचें एकमेकांशीं पटतें कीं नाहीं ही शंका उपस्थित करण्यास, डॉक्टरांकडे जातांना कोणते प्रश्न न्यावेत याची यादी करण्यास तें उत्तम आहे. घंटा वाजविणारी, नोंद ठेवणारी घरगुती आज्ञावलीहि खुशाल करवावी, मात्र ती वापरणाऱ्या वडील माणसाला समोर बसवून, "हें तुमच्या कोणत्या दिवशीं चुकेल?" असें एकदां विचारावें. परंतु मात्रा कमी करणें, गोळी बंद करणें, नवें कांहीं पोटांत घेणें, यांतील कोणताहि अपवाद यंत्राच्या शब्दावर करूं नये. ज्यानें अपवाद सांगितला त्याचें नांव आपल्याला ठाऊक असावें, आणि रात्रीं दोन वाजतां भोंवळ आली तर त्याचें दार ठोठावतां यावें. यंत्राला दार नाहीं.

आणि एक काम असें आहे कीं, तें यंत्रहि करूं शकत नाहीं व डॉक्टरहि करूं शकत नाहीं. ज्यांच्या घरांत साठी उलटलेलें माणूस आहे त्यांनीं येत्या रविवारीं एक शंभर पानी वही आणावी. तींत त्या माणसाचे जुने आजार, शस्त्रक्रिया, न सोसलेलीं औषधें, सध्यांच्या गोळ्या व त्यांच्या मात्रा, आईवडिलांचीं दुखणीं, झोंपेची तऱ्हा, उपासाचे दिवस, आणि जें तें कोणाला सांगत नाहीं पण घरांतल्यांना ठाऊक असतें तें, सर्व त्याच्याच तोंडून विचारून तारखेसह लिहून काढावें. विचारतांना घाई करूं नये. पहिल्या बैठकींत अर्धेंच निघतें. ही वही डॉक्टरांपुढें ठेवली तर त्यांचा निम्मा वेळ वांचेल. पुढेंमागें तींतील मजकूर यंत्रापुढें ठेवावा लागला, तर नांवगांव वगळून ठेवावा. तेंहि पूर्वीपेक्षां शहाण्यासारखें बोलेल. वहीच्या पहिल्या पानावर घरच्या डॉक्टरांचा दूरध्वनि-क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा, आणि वही देवघराशेजारच्या फडताळांत, सर्वांच्या हाताला येईल अशी ठेवावी.